वीस फुटांवरचा निरोप

जगात कोणी कोणाला, कधी आणि कोणत्या यंत्रावरून निरोप धाडला, हे चिंतामणी वेलकरांना तोंडपाठ होतं. घुंगरांची काठी घेऊन रानातून धावणारा डाकेचा हरकारा, फ्रान्सातल्या टेकड्यांवर लाकडी हात हलवणारे मनोरे, समुद्राच्या तळाशी अंथरलेली केबल, बिनतारी संदेश, सगळं. सन विचारा, माणसाचं नाव विचारा, वेलकर डोळे मिटून सांगत. एकतीस वर्षं फोर्टातल्या तारघरात कट्ट-कडकट्ट करून ते निवृत्त झाले होते आणि परळच्या आपल्या दुमजली घरात बसून ‘संदेशवहनाची कथा’ नावाचा ग्रंथ लिहीत होते. माणूस हुशार, त्यात वाद नाही. पण हुशार माणसांची एक खोड असते. जग कुठे चाललंय ते त्यांना नेमकं कळतं आणि दाराशी कोण उभं आहे ते मात्र बायकोला विचारावं लागतं.

घराणं जुनं. आजोबांच्या काळी आजूबाजूची सगळी जमीन वेलकरांची होती. वडिलांनी तिचा मोठा तुकडा एका शेठला विकला आणि शेठनं त्यावर तीन मजल्यांची चाळ उठवली. चाळीत सगळी कोकणातली, गिरण्यांत आणि गोदीत जाणारी माणसं. मालकी गेली तरी नाव ‘वेलकर चाळ’ असंच राहिलं, आणि चाळकरी चिंतामणरावांना ‘भाऊसाहेब’ म्हणत राहिले. ते त्यांना आवडायचं. घर आणि चाळ यांच्यामध्ये वीस फुटांची गल्ली होती. भाऊसाहेबांच्या गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या खोल्यांत बांगडा शिजतोय की सुका जवळा, ते वासावरून सांगता येई.

त्रेपन्न साली मेहुण्याच्या वशिल्यानं भाऊसाहेबांच्या घरी टेलिफोन आला. सबंध गल्लीत एकच. मग काय, महिन्याभरात चाळीतल्या साठ खोल्यांचे फोन तिथेच येऊ लागले. कोणाची बहीण बाळंत झाली, कोणाच्या भावाला गिरणीतली पाळी बदलून मिळाली. फोन वाजला की भाऊसाहेबांच्या पत्नी सरोजिनीबाई जिना उतरायच्या, गल्ली ओलांडायच्या, चाळीचे दोन-तीन मजले चढायच्या आणि माणसाला घेऊन परत यायच्या. गॅलरीतून हाक मारली असती तर काम अर्ध्या मिनिटात झालं असतं. पण वेलकरांच्या घरात गॅलरीतून हाका मारायची पद्धत नव्हती. हाका चाळीत मारतात.

त्यावर तोड काढली ती जयवंतनं. जयवंत सावंत चाळीतलाच, दुसऱ्या मजल्यावर चार नंबरच्या खोलीत राहणारा, बावीस वर्षांचा. माझगावच्या गोदीत वायरमन. बाप कोंडीराम गिरणीतच खोकून खोकून गेला होता. आई अंबिका लालबागला मसाल्याच्या कांडपावर जायची. संध्याकाळी ती जिन्यात शिरली की तिच्या लुगड्याच्या वासानं पोरं शिंकायची.

“भाऊसाहेब,” जयवंत एका रविवारी म्हणाला, “बाईंना कशाला पळवता? इथून आमच्या जिन्यापर्यंत एक तार टाकतो. तुमच्या टेबलावर बटण, आमच्या जिन्यात घंटा. मजल्याचे ठोके आधी, मग खोलीचे. आमच्या आयेला बोलवायचं तर दोन आणि चार.”

भाऊसाहेब खुर्चीतून उठलेच. “म्हणजे मोर्सच की रे!”

“मोर्स काय ते तुम्हाला माहीत. मला इतकंच कळतं, की वायर आहे, बॅटरी आहे, वाजलीच पाहिजे.”

आणि वाजली. चौपन्नच्या गणपतीत घंटा लागली. चाळीतली म्हातारीकोतारी, सही न येणारी माणसंसुद्धा आठवड्यात आपापले आकडे शिकली. भाजी निवडता निवडता बायका मान वर करायच्या, “एक आणि नऊ, गुणाजीचो फोन,” म्हणायच्या आणि पुन्हा खाली बघायच्या. भाऊसाहेबांनी ग्रंथात ह्या घंटेवर दोन पानं लिहिली. शोध जयवंतचा, पण पानांत ‘प्रस्तुत लेखकाने योजिलेली पद्धत’ असं आलं. जयवंतला त्याचं काही नव्हतं. तो रविवारी यायचा, जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि भाऊसाहेब लिहिलेलं वाचून दाखवायचे ते ऐकायचा. एकतीस वर्षांत तारघरातल्या कोणी भाऊसाहेबांचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

त्याला एक गोष्ट फार आवडायची. टेलिफोनचा शोध दोघांनी जवळपास एकदमच लावला होता. एकाच दिवशी दोघांचे कागद कचेरीत गेले, पण एकाचे काही तास आधी पोचले. त्याचं नाव झालं, दुसऱ्याला कोणी ओळखत नाही.

“काही तास उशीर झाला, एवढंच?” जयवंत विचारी.

“एवढंच. निरोपाच्या धंद्यात उशिराला क्षमा नाही,” भाऊसाहेब म्हणत.

“आणि फोनवर पहिलं काय बोलला तो माणूस?”

“शेजारच्या खोलीतल्या मदतनिसाला हाक मारली. म्हणाला, इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय.”

“बस? एवढं मोठं यंत्र काढलं आणि एवढंच बोलला?” जयवंत हसायचा. “हे तर आमची आये पण बोलते.”

छप्पन्नचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात जाणार, हे रेडिओवरून जाहीर झालं. त्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी खिडकी उघडून रेडिओ मोठा केला होता आणि खाली गल्लीत सगळी चाळ उभी होती. भाषण संपलं. मग मागून कोणीतरी एक दगड खांबावरच्या दिव्यावर भिरकावला. भाऊसाहेबांनाही संताप आला होता, खोटं कशाला बोला. मराठी माणसाच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी खिडकी लावली आणि संतापून चहा घेतला.

पुढचे दिवस लालबाग-परळला ज्यानं पाहिले त्याला सांगायला नको. गाड्या बंद, गिरण्या बंद, रस्त्यावर फुटलेल्या सोड्याच्या बाटल्या, अश्रुधूर आणि गोळ्या. तिसऱ्या दिवशी दुपारी एक पोलीस अंमलदार भाऊसाहेबांच्या दिवाणखान्यात येऊन बसला. माणूस मराठीच, अदबीनं बोलणारा.

“ही तार कसली हो, तुमच्या घरातून चाळीत गेलेली?”

भाऊसाहेबांनी सांगितलं.

“छान आहे,” अंमलदार म्हणाला. “पण आमची गाडी नाक्यावर आली की तुमच्या चाळीतली पोरं आधीच पसार झालेली असतात. वर विचारतात, इशारा कोण देतं? तुम्ही पेन्शनर माणूस. तुमच्या नावानं काही लिहायची वेळ माझ्यावर येऊ नये, इतकंच.”

पोरं पसार व्हायची ती गच्चीवरच्या शिट्टीनं. घंटेचा त्यात काही संबंध नव्हता. पण ‘पेन्शनर’ हा शब्द ऐकला आणि भाऊसाहेब खुर्चीत पुढे सरकले. “ती बंद आहे हो केव्हाचीच,” ते म्हणाले. अंमलदार जिना उतरेपर्यंत ते दारात हसत उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि टेबलाखालून आलेली बटणाची तार सोडवून ठेवली. आपण खोटं बोललो नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं. बाहेर तार होती तशीच लोंबत राहिली, आणि चाळीत त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत मोर्चाला बाहेर पडला. आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली तेव्हा त्यानं तिची समजूत काढली ती अशी: “आये, काय झाला तर मी भाऊसाहेबांक फोन करीन. दोन आणि चार वाजतली. ती वाजल्याबगर माका शोधूक रस्त्यार जाव नको. भायर गोळ्यो सुटतत.”

अंबिकेनं कबूल केलं. पोरगा वायरमन, तार त्याच्या हातची. त्या तारेवर तिचा देवाइतका भरवसा होता.

पाच वाजता कर्फ्यू लागला. गल्ली अशी चिडीचूप झाली, की नाक्यावरच्या पोलिसांच्या बुटांचे खिळे ऐकू यावेत. पाच चाळीसला भाऊसाहेबांचा टेलिफोन वाजला.

“वेलकर का? परळच्या हॉस्पिटलातून बोलतोय, मी मेडिकलचा विद्यार्थी. तुमच्या समोरच्या चाळीतला जयवंत सावंत इथे आहे. पोटात गोळी आहे. शुद्धीवर आहे पण... हे बघा, तो आईला बोलावतोय. एकसारखा तेच म्हणतोय. लगेच पाठवा. फाटकावर मी सांगून ठेवतो.”

भाऊसाहेबांचा हात आपोआप पॅडकडे गेला. तारघराच्या वळणदार अक्षरात त्यांनी निरोप उतरवला: ‘जयवंत सावंत परळच्या हॉस्पिटलात. शुद्धीवर आहे. आईस बोलावतो. ताबडतोब पाठवावे.’ कोपऱ्यात वेळ घातली, सायंकाळ ५-४०. कागद फाडला, टेबलाच्या उजव्या कडेच्या लाकडी ट्रेमध्ये ठेवला आणि वर पितळी वजन ठेवलं.

एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. एकानं निरोप घ्यायचा, दुसऱ्यानं पोचवायचा. किती मरणं, किती बुडालेली गलबतं त्यांच्या कानातून गेली, पण म्हणून खुर्ची सोडून ते कधी उठले नव्हते. दर तारेला उठले असते तर तारघर चाललंच नसतं. ट्रेमध्ये कागद पडला की शिपाई तो उचलायचा. आता ह्या घरात शिपाई नव्हता, ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. पण कागद ट्रेमध्ये पडल्यावर आपलं काम झाल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्या वाटण्याचा त्यांना आधार झाला.

सरोजिनीबाई दारात उभ्या होत्या. “कोणाचा हो?”

त्यांनी सांगितलं.

“अगं बाई! मग ठेवलात काय कागद? कळवा तिला. घंटा वाजवा.”

“तार सोडवली आहे मी.”

“मग जोडा! एक स्क्रू तर फिरवायचा.”

“हळू बोल. नाक्यावर पोलीस आहेत. ह्या शांततेत घंटा वाजली तर त्यांना ऐकू जाईल. मी बंद आहे म्हणून सांगितलंय.”

“मग मी जाते.”

“कर्फ्यूत? दिसेल त्याला गोळी घालताहेत.”

“गल्ली ओलांडायची आहे, अहो. समुद्र नाही.” सरोजिनीबाई जिन्याकडे वळल्याही. मग त्यांना सुचलं. “थांबा. मी गॅलरीतून हाक मारते. ती जिन्यातच असेल.”

त्या गॅलरीच्या दाराशी गेल्या आणि कडीला हात घातला. भाऊसाहेबांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

“सरोजिनी, आपल्या घरात बायका गॅलरीतून ओरडत नाहीत. आणि पोराची अशी बातमी काय सगळ्या गल्लीला ऐकवायची? तिला काय वाटेल? सकाळी कर्फ्यू उठला की मी स्वतः जातो. नीट सांगतो, धीर देऊन. पोरगा शुद्धीवर आहे. रात्रीत काय होतंय?”

वाईट ह्याचं, की हे बोलताना त्यांना ते सगळं खरंच वाटत होतं. भ्यालेल्या माणसाला कारणं सुचतात तशी शहाण्यालाही सुचत नाहीत. सरोजिनीबाईंनी थोडा वेळ कडी धरून ठेवली. मग सोडली. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं हात धरला की सोडायचं एवढंच त्या शिकल्या होत्या.

आठ वाजता टेलिफोन पुन्हा वाजला. दोघं त्याच्या दोन बाजूंना बसलेली. भाऊसाहेब घंटा मोजत होते, कारण मोजण्याची सवय होती. बारा वाजल्या. उचलला असता तर काय सांगणार होते? आई निघाली म्हणून? तेरावी वाजली नाही. सरोजिनीबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि अंधारातच बसून राहिल्या.

सकाळी साडेसहाला दुधाचे भय्ये गल्लीतून जाताना दिसले. भाऊसाहेबांनी कोट घातला, ट्रेमधला कागद खिशात टाकला आणि चाळीच्या जिन्यात शिरले. घंटेच्या बरोबर खाली, पायरीवर, घोंगडी पांघरून अंबिका बसली होती. रात्रभर बसली होती, हे विचारायची गरज नव्हती.

“भाऊसाहेब!” ती ताडकन उठली. “घंटा वाजाक नाय, म्हणान हयंच बसलंय. जयवंतान सांगल्यान होता, वाजल्याबगर जाव नको. काय निरोप इलो?”

त्यांनी निरोप सांगितला. हळू आवाजात, धीर देऊन, ठरवल्याप्रमाणे.

“कदी इलो फोन?”

“आत्ताच,” भाऊसाहेब म्हणाले.

शब्द तोंडातून निघून गेला. तो परत घेता आला असता. समोर एक विधवा बाई होती आणि दोन-चार झोपाळलेले शेजारी, कोर्ट नव्हतं. पण त्यांनी घेतला नाही. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचा गुणाजी म्हणाला, “भाऊसाहेब, नाक्यावर पोलीस अडवतील हिला. काहीतरी लिहून द्या, तुमच्या हातचं.” खिशात लिहिलेलं होतंच, पण त्याच्या कोपऱ्यात पाच चाळीस होतं. भाऊसाहेब परत घरी गेले, नवा कागद घेतला, तोच निरोप त्याच वळणदार अक्षरात लिहिला आणि कोपऱ्यात वेळ घातली: सकाळ ६-४५. एकतीस वर्षांत त्यांनी वेळ कधी खोटी घातली नव्हती. जुना कागद खणात गेला. जाता जाता त्यांनी टेबलाखाली वाकून घंटेची तारही पुन्हा जोडून टाकली.

नाक्यावरच्या शिपायानं कागद वाचला आणि अंबिकेला जाऊ दिलं. तोच कागद आदल्या संध्याकाळी असता तर तेव्हाही त्यानं जाऊ दिलं असतं. परळच्या हॉस्पिटलापर्यंत पंधरा मिनिटांची वाट.

जयवंत रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी गेला होता.

चाळीत ह्याचा उलगडा कोणाला होईना. पोरगा रात्री नऊला गेला, तर शुद्धीवर आहे म्हणून सकाळी फोन कसा आला? सगळ्यांनी भाऊसाहेबांना विचारलं, कारण फोनबिनमधलं त्यांना कळायचं. भाऊसाहेब म्हणाले, “हॉस्पिटलात त्या रात्री गोंधळ होता. कोणा पोरानं कालचा निरोप आज दिला असणार.” चाळीला पटलं. मग चाळीनं त्या अनोळखी पोराला अशा काही शिव्या घातल्या, की ऐकणाऱ्याचे कान किटावेत. अंबिकेनं शिव्या नाही, तळतळाट दिले. रोज, चूल पेटवताना.

तो कागद मात्र तिनं जपून ठेवला. जयवंतचा गोदीचा पास, त्याचा कंगवा आणि तो कागद, असं एका पत्र्याच्या डब्यात. तिला वाचता येत नव्हतं. पोरानं बोलावलं होतं ते ह्या कागदात आहे, एवढं तिला पुरे होतं. सणावाराला ती भाऊसाहेबांच्या पाया पडायला यायची, का तर त्या गोळीबाराच्या दिवसांत जिवावर उदार होऊन त्यांनी निरोप आणला. ती आली की सरोजिनीबाई आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या. त्या सकाळपासून त्यांनी टेलिफोनला हात लावला नव्हता. नवऱ्याशी त्या बोलायच्या ते मीठ, दूध आणि धोबी, एवढंच.

चार वर्षं अशी गेली. भाऊसाहेबांचा ग्रंथ साठ सालच्या एप्रिलात छापून आला. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात होतं: ‘ज्याच्या हातांनी आमच्या गल्लीत पहिली तार ओढली, त्या हुतात्मा जयवंत सावंत यास.’ हे लिहिताना भाऊसाहेबांचे डोळे भरून आले होते. अश्रूही खोटे नव्हते. माणूस स्वतःला माफ करतो तेव्हा त्याला हमखास रडू येतं.

एक मे आला. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. गल्लीत मांडव, पताका, गुलाल. मांडवात जयवंतचा फोटो, त्याला झेंडूचा हार. संध्याकाळच्या सभेचे अध्यक्ष भाऊसाहेब. गुणाजी नव्या भोंग्यापाशी उभा राहून “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” करत होता. भाऊसाहेब वर दिवाणखान्यात टोपी घालून, ग्रंथाच्या पाच प्रती काखेत धरून निघायच्या बेतात होते, तेवढ्यात अंबिका जिना चढून आली. तिच्यामागे चष्मा लावलेला एक तरुण होता. तो दारातच थांबला.

“ये, अंबिका,” भाऊसाहेब म्हणाले. “आज तुझ्या जयवंतचा दिवस. हे बघ, पुस्तकात पहिलं नाव त्याचंच.”

तिनं पुस्तकाकडे पाहिलं नाही. “हे डाक्टर वीरेंद्र,” ती म्हणाली. “चाळीतल्या पोरांनी सभेक बोलावल्यानी. त्या दिवशी हॉस्पिटलात हेच होते. जयवंताच्या उशाशी.”

भाऊसाहेबांच्या काखेतलं एक पुस्तक खाली पडलं.

“मी तुम्हाला पाच-चाळीसच्या सुमाराला फोन केला होता,” डॉक्टर म्हणाला. तो रागावलेला नव्हता. त्याला खरोखर कळत नव्हतं. “आठला पुन्हा केला, कोणी उचलला नाही. तो दर पाच मिनिटांनी विचारायचा, आये इली? मी म्हणायचो, निघाली आहे, येईल. मी त्याला खोटं सांगत राहिलो ना! आज ह्यांनी डब्यातली चिठ्ठी दाखवली. तिच्यावर सकाळची वेळ आहे. सकाळी तो कुठे होता?”

खाली गुणाजीचं हॅलो हॅलो चालूच होतं. हरकाऱ्यापासून बिनतारीपर्यंत सगळं पाठ असलेला तो माणूस पडलेलं पुस्तक उचलायला वाकला.

“चार वर्सां,” अंबिका म्हणाली, “चार वर्सां मी ह्या देवमाणसाक तळतळाट दिलंय. आणि तुमच्या पायां पडलंय.” तिचा आवाज चढला नव्हता. “माका तुमच्याकडसून कायएक नको. पेन्शन तुमची तुमका लखलाभ. फकत एक करा. त्या दिवशी जो निरोप दिवक नाय, तो आता देवा. ह्या गॅलरीत उभे ऱ्हवा आणि सांगा. जयवंताचो फोन कदी इलो, ता चाळीक आयकाक जाव दे.”

“सभेत सांगतो,” भाऊसाहेब कसेबसे म्हणाले. “माईकवर... नीट, सगळं...”

“भोंगो नको. तोंडान सांगा. वीस फूट तर आसा.”

ती गॅलरीच्या दाराशी गेली आणि तिनं कडी काढली. दार उघडलं तशी खालची गडबड आत आली. भाऊसाहेब तीन पावलं चालले. गॅलरीच्या कठड्याला त्यांनी हात टेकले. खाली मांडवात माणसं होती, समोर तिन्ही मजल्यांवर बायकापोरं दाटीनं उभी होती. अध्यक्ष गॅलरीत आलेले पाहून कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. भाऊसाहेबांनी श्वास घेतला. ओठ हलले. “बंधूंनो,” असं काहीसं ते म्हणाले, पण ते त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या अंबिकेलासुद्धा नीट ऐकू आलं नाही. पुढे काही येईना.

आतल्या खोलीचं दार उघडलं. सरोजिनीबाई बाहेर आल्या. त्यांनी पदर खोचला होता. नवऱ्याला बाजूला करायची गरज त्यांना पडली नाही, ते आपोआप सरकले. कठड्यावर वाकून, चाळीतल्या बायका मारतात तशी, नरडं फाडून त्यांनी हाक मारली:

“अंबिकाबाई! अहो अंबिकाबाई! तुमच्या जयवंतचा फोन आलाय हो! पाच चाळीसला आलाय! तो बोलावतोय तुम्हाला, लवकर जा!”

गुणाजीचा भोंगा बंद पडला. अंबिका त्यांच्या शेजारीच उभी होती, पण ती समोरच्या जिन्याकडे बघत होती, जिथे घंटेखालची पायरी रिकामी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यालाही शब्दन् शब्द ऐकू गेला. सरोजिनीबाई पुन्हा ओरडल्या. मग पुन्हा. त्यांचा आवाज बसला तेव्हा अंबिकेनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “पोचलो, बाय. निरोप पोचलो.”